गाडी तापली की बंद पडते? कसं शोधलंत, अनुभव लिहा

वडिलांची ९८ सालची कार्बोरेटरवाली गाडी आहे, सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते पण दुपारी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की दोन-तीन आचके देऊन बंद. टेम्परेचरचा काटा मधेच, फॅनही फिरतोय. अर्धा तास सावलीत ठेवली की जसं काही झालंच नाही. एक मेकॅनिक म्हणतो कॉइल (प्लगच्या स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती), दुसरा म्हणतो पेट्रोल पंप. ज्यांच्या गाड्यांना असं झालंय त्यांनी नेमकं कसं पकडलं ते लिहा, "विकून टाका" सोडून काहीही चालेल.

कोथरूडकर
आमची दिवे घाटात बंद पडायची, ऐन मे महिन्यात. जुन्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनालाच बोल्ट केलेला असतो, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही, म्हणजेच व्हेपर लॉक. फडकं ओलं करून पंपावर आणि पाइपवर ठेवलं, थोड्या वेळात चालू! पुढे कळलं की पंप आणि इंजिनाच्या मधलं बेकेलाइटचं जाड पॅकिंगच गायब होतं, आधीच्या कुठल्यातरी कामात काढलं ते परत बसवलंच नाही कुणी. नाना पेठेतून आणून टाकलं, विषय संपला.

हडपसर
ओलं फडकं ठीक आहे, पण चालू होण्याचं श्रेय फडक्याला द्यायचं की नुसतं थांबण्याला हे कसं कळणार? बंद पडल्या पडल्या स्पार्क बघा, गार झाल्यावर बघून उपयोग नाही. जास्तीचा प्लग डिकीत ठेवायचा, वायरला लावून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवायचं (पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबात नको) आणि कुणालातरी सेल्फ मारायला लावायचा. निळा कडकडीत स्पार्क असेल तर पेट्रोलच्या मागे लागा. माझ्याकडे स्पार्कच नव्हता, कॉइल हात लावता येणार नाही इतकी गरम. तापली की आतलं वाइंडिंग तुटतं, गार झाली की जुळतं. नवी टाकताना जुनीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा) होता का ते बघा. बाहेरून रेझिस्टर लागणारी कॉइल तशीच जोडली की तीही तापून जाते.

पिंपरीहून
इंजेक्शनवाल्या गाडीला हेच दुखणं क्रँक सेन्सरमुळे (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) होतं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर पहिला संशय त्याच्यावर. शोरूमवाल्यांनी स्कॅनर लावून "एकही फॉल्ट कोड नाही" म्हणून गाडी परत दिली, अरे पण तुम्ही ती तपासली कधी, एसीच्या गारव्यात रात्रभर उभी राहिल्यावर!

स्कूटरवाला
सगळं उन्हावर ढकलू नका. माझी टू स्ट्रोक दूर गेल्यावरच बंद पडायची म्हणून मीही गरम होते म्हणत होतो, तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलेलं. पेट्रोल संपतं तसा आत व्हॅक्यूम होतो आणि खाली पेट्रोल उतरत नाही. बंद पडल्यावर झाकण उघडताना सुस्स आवाज आला तर तेच.

रिटायर्ड मेकॅनिक
हडपसरवाले बरोबर बोलले. आधी स्पार्क, मग पेट्रोल, त्याशिवाय एक पार्ट बदलू नका. रबरी पाइपही बघा, इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या पाइपना चिरा पडतात, हवा ओढली तरी गाडी अशीच आचके देते आणि गळालं तर आगीची भीती. गरम इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतणारे हिरो असतात, हेडला तडा गेला की कळतं. रेडिएटरच्या झाकणाला तर हातच लावू नका.

कोथरूडकर
काका, ज्या गाडीत आरपीएमचा काटाच नाही तिथे क्रँक सेन्सर कसा बघायचा?

रिटायर्ड मेकॅनिक
दोन वायरवाला असेल तर मल्टीमीटरने. गार असताना ओहम मोजून ठेवा, बंद पडल्या जागी परत मोजा. रीडिंग येईनासं झालं की सेन्सर गेला समजा. तीन वायरवाल्याला हे चालत नाही, त्याला ओहम लावू नका.