गोव्यातील कॅथलिक लग्नाच्या रीतींबद्दल मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझ्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीचे लग्न मडगावच्या चर्चमध्ये आहे आणि करवली म्हणून तिच्यासोबत उभे राहण्याचा मान तिने माझ्या मुलीला दिला आहे. आमच्या घरात असे लग्न कोणीच जवळून पाहिलेले नसल्यामुळे, अजाणतेपणी कोणाचे मन दुखावेल असे काही आमच्या हातून घडू नये, एवढीच तळमळ आहे.

पहिली अडचण साडीची. माझ्या सासूबाईंनी पेटीतून त्यांची मोतिया रंगाची, बारीक जरीकाठाची रेशमी साडी मोठ्या हौसेने माझ्यासाठी काढून ठेवली आहे; परंतु नवरीचा गाऊन पांढरा असताना पाहुण्यांनी त्याच्या जवळचा रंग नेसू नये असे ऐकल्यापासून मी ती तशीच घडी करून ठेवली आहे. जरीकाठ असला तरी ती टाळावी का?

मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधीच्या, वेळी कम्युनियनचा प्रसाद कॅथलिकांनीच घ्यायचा असतो, हे मला ठाऊक आहे. मात्र सर्वजण पुढे जात असताना आम्ही जागेवर बसून राहावे, की उभे राहावे? आदल्या दिवशीच्या रोसच्या विधीत नवरीला नारळाचा रस लावतात. आपल्या हळदीसारखाच तो मला वाटतो, तेव्हा नवरीच्या मैत्रिणीची आई म्हणून मीही लावला तर चालेल का? आणि नवरीची ओटी भरण्याची माझी मनापासून इच्छा आहे. ती तिच्या आईला आधी विचारून, घरीच भरावी ना?