स्विफ्ट व्हीडीआयची १४ ची चाकं काढून १६ ची अलॉय : लातूर-नांदेड रस्त्याला झेपतील का?

औसा_नाका

गाडी २०१५ ची स्विफ्ट व्हीडीआय. कंपनीची १४ इंची लोखंडी रिम, टायर १६५/८० आर १४. चारही टायर गुळगुळीत झालेत, बदलायचेच आहेत, तर सोबत अलॉय घ्यावेत म्हणतोय. दुकानदार १६ इंची, ७ जे (म्हणजे ७ इंच) रुंदीची, ऑफसेट ३५ ची रिम आणि तिच्यावर २०५/५५ टायर घ्या म्हणायलाय. कुठंच घासणार नाही, वर गाडी उंच होईल, असं त्याचं म्हणणं.

वापर असा : आठवड्यातून दोनदा लातूर-नांदेड, महिन्यातून एकदा अंबाजोगाईवरून बीड, आणि सुगीत शेतापर्यंतची कच्ची वाट. बहुतेक वेळा गाडीत चौघं-पाच जण.

घासेल का? उंची खरंच वाढते का? मायलेज किती पडेल? आणि स्टेपनी १४ चीच ठेवली तर चालेल का?

मायक्रोमीटर

आधी हिशोब करू, म्हणजे दुकानदाराचं कोणतं वाक्य खरं ते कळेल.

टायरची एकूण उंची = रिमचा व्यास (इंच × २५.४) + दोन्ही बाजूंच्या साइडवॉल. साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत, रुंदीच्या इतके टक्के : १६५/८० मध्ये १६५ चे ८० टक्के.

१६५/८० आर १४ : ६१९.६ मिमी (साइडवॉल १३२)
१८५/६५ आर १५ : ६२१.५ मिमी (साइडवॉल १२०)
१९५/५५ आर १६ : ६२०.९ मिमी (साइडवॉल १०७)
२०५/५५ आर १६ : ६३१.९ मिमी (साइडवॉल ११३)

तुम्हाला सांगितलेला २०५ चा टायर मूळ टायरपेक्षा १२ मिमी मोठा. गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे ६ मिमी. करंगळीच्या निम्म्या जाडीएवढी. एवढ्यासाठी कोणी पैसे मोजू नयेत. स्पीडोमीटर साधारण २ टक्के कमी दाखवेल, तेवढं चालतं.

खरी गोम ७ जे आणि ऑफसेट ३५ मध्ये आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीचा जो भाग चाक धरतो त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं मिमीमधलं अंतर. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. जुन्या रिमवर ऑफसेट उठवलेला असतो, चाक काढून वाचा. ५ जे आणि ४५ धरून बघू : रुंदी २ इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना २५.४ मिमी. ऑफसेट १० ने उतरला म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर. बेरीज करा : बाहेरची कड ३५ मिमी बाहेर येते, आतली १५ मिमी आत शिरते. घासायला दोन्हीकडून आमंत्रण. पुढं वळताना मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरला, मागं माणसं बसली की मडगार्डच्या दुमडलेल्या कडेला. वर बेअरिंगवर तरफ वाढते, खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो, आणि चिखल थेट दरवाजांवर.

हीच गाडी झेडडीआय ह्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीकडूनच १८५/६५ आर १५ वर यायची. मूळ व्यासापासून जेमतेम २ मिमी फरक, साइडवॉल १२ मिमी कमी. तुमच्या वापराला माझं मत तिथंच थांबतं.

हबकॅप

वरच्या हिशोबाला जोड. रिम निवडताना लोक पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास बघतात (ह्या गाडीला ४ × १००, चार भोकं, १०० मिमी), पोरं फोटो बघतात, आणि मधलं भोक कोणीच बघत नाही. ह्या स्विफ्टच्या हबचा उंचवटा ५४.१ मिमीचा. बाजारातली बरीच अलॉय एकाच साच्यात अनेक गाड्यांसाठी ओततात, म्हणून मधलं भोक ७३.१ ठेवतात. मधली पोकळी भरायला ७३.१ बाहेर, ५४.१ आत अशी रिंग लागते. चारही चाकांना. नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं, आणि थोडं जरी सरकलं की ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस तीनदा बॅलन्सिंग करून घेतो आणि बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक निमुळत्या शंकूवर बसतं, तिथं ते बिनचूक दिसतं. गाडीवर बसतं हबवर, दोष तिथं.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. काळ्या मातीचा पापुद्रा राहिला तरी रिम सपाट टेकत नाही. नट एम १२ × १.२५ आट्याचे, ६० अंशांच्या निमुळत्या बैठकीचे. दुकानात एम १२ × १.५ चे डबे जास्त असतात, तो नट दोन आटे हाताने जातो आणि पुढं पान्याने ढकलला की स्टड खलास. म्हणून प्रत्येक नट आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवायचा. किमान ८ फेरे बसले पाहिजेत. समोरासमोरच्या क्रमाने आवळा, न्यूमॅटिक गनवर शेवट करू देऊ नका. मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) बघून टॉर्क पान्याने घट्ट करा, आणि ५० ते १०० किमी चालल्यावर परत तपासा. नवी अलॉय आणि तिचा रंग बसकण घेतात, नट किंचित सैल होतात.

स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) कोणी सुचवला तर ‘नको दादा’ म्हणून उठा.

नांदेड_बायपास

सगळेच १६ ला नावं ठेवायलेत. आता अहमदपूरमार्गे नांदेडपर्यंत महामार्ग चांगला आहे. १९५/५५ आर १६, ६ जे, ऑफसेट ४५ घेतलं तर एकूण व्यास मूळचाच राहतो, वळणावर गाडी भक्कम बसते, ब्रेकला पकड जास्त. ज्याचं सगळं चालणं डांबरावर, त्याने का घेऊ नये?

मायक्रोमीटर

व्यासाचं बरोबर बोललात, ६ जे ४५ घासायचीही नाही. फक्त प्रश्नात शेतवाट लिहिलीय, आणि बीडकडचे गावागावांतले पांढरा पट्टा न मारलेले स्पीडब्रेकर आहेतच. साइडवॉल १३२ वरून १०७ वर आली की खड्ड्याची तीक्ष्ण कड टायर आणि रिमच्या मध्ये चिमटा काढते. आतल्या दोऱ्या तुटतात, चार दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. डिझेल स्विफ्टचं नाक जड, म्हणून पुढचे टायर आधी जातात. फक्त हायवेवर फिरणाऱ्याला १६ खुशाल.

मायलेजचं ठराविक टक्क्यांत सांगणारा अंदाजच सांगतो. रुंद टायरचा रोध आणि चाकाचं वजन वाढलं की ते पडतं, हे नक्की. खरेदीआधी जुनं चाक आणि नवं चाक भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा, दोन्हीमधला फरक बघा. अलॉय म्हणजे हलकं, हा समज १६ इंची स्वस्त रिममध्ये बहुतेक वेळा खोटा निघतो.

औसा_नाका

पटलं. १५ वर थांबतो, १८५/६५. झेडडीआयवरून उतरवलेली कंपनीची जुनी अलॉय मिळायलीत, रंग मारून चकाचक. घ्यावीत का? स्टेपनीचं मात्र अजून कोणी सांगितलं नाही.

आतली_कड

कंपनीची उतरवलेली मिळत असतील तर त्याच घ्या. भोक, ऑफसेट, नट सगळं मूळचं जुळतं, रिंगची भानगड नाही. पण नव्या रंगालाच भिऊन राहा, रंग बहुधा काहीतरी झाकायलाच मारतात. टायर न चढवता रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा आणि आतल्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवून धरा. फट कमी-जास्त होताना दिसली की वाकलेली आहे. बाहेरची कड सरळ असते, मार आतल्या कडेला बसतो, म्हणून गिऱ्हाइकाला दिसत नाही. रिमच्या आतल्या गोल पिंपासारख्या भागावर वेल्डिंगचा उंचवटा नखाला लागला तर परत करा. आर्गन वेल्डिंग केलेली रिम चालते म्हणणारे भेटतील, मागं बसणारी घरची माणसं आहेत एवढं लक्षात ठेवा. वॉल्व्ह चारही नवे.

टायरवर आयएसआय खूण आणि तारखेचे चार आकडे बघा : २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्या ८५ (५१५ किलो) पेक्षा खाली नको. ह्या साइजमध्ये ८८ (५६० किलो) मिळतो. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, भरायचा आकडा नव्हे. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दाखवते म्हणून काढू नका.

बसवल्यावर घासण्याची परीक्षा : टायरच्या दोन्ही खांद्यांना खडू फासा, गाडीत पाच जण आणि डिकीत सोयाबीनचं एक पोतं टाका, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून स्पीडब्रेकरवरून पुढं-मागं न्या. लायनरवर किंवा मडगार्डच्या कडेला पांढरा ओरखडा दिसला की तिथं घासतंय. आत शॉकॉबच्या नळीपर्यंत किती फट उरली तेही बोटाने बघा. पावसाळ्यात काळ्या मातीचा थर तिथंच बसतो, कोरड्यात पुरणारी फट चिखलात पुरत नाही. मग व्हील अलाइनमेंट.

स्टेपनी १४ ची चालेल. व्यासात २ मिमीचाच फरक, पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश न्यायला अडचण नाही. पुढचं चाक गेलं तर मागचं चांगलं चाक पुढं घ्या, स्टेपनी मागं लावा. वेळ लागतो, पण पुढं दोन वेगळ्या रुंदीची चाकं आली तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. अलॉयचे नट वेगळे घेतले असतील तर लोखंडी रिमचे चार जुने नट आणि चोरीप्रूफ नटाची चावी स्टेपनीसोबतच ठेवा. चावी घरी आणि पंक्चर मांजरसुंब्याच्या घाटात, असं नको.

हबकॅप

कागदांचं एक राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची मूळ रचना बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच धरलं. वरच्या मॉडेलवर कंपनीनेच दिलेल्या साइजला वाद घालायला फारशी जागा राहत नाही. मडगार्डच्या बाहेर आलेल्या चाकाला भरपूर. अलॉय विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत चढवा, नाहीतर क्लेमच्या वेळी लोखंडी रिमचेच पैसे धरतात. जुनी चार लोखंडी रिम विकू नका, गाडी विकताना गिऱ्हाईक मागतं.