मदत हवी आहे: लेकीला काय सांगू, आणि तिच्या आजीला काय?

मी साताऱ्याची, नवरा आफ्रिकन-अमेरिकन, घर न्यू जर्सीत. सहा वर्षांची लेक हल्ली दुकानात, बसमध्ये माणसांचे रंग न्याहाळते आणि मोठ्याने विचारते, "हे बाबांसारखे, मग मी कोणासारखी?" फॉर्म भरताना अडत नाही, २००० च्या जनगणनेपासून इथे एकाहून जास्त वंश नोंदवता येतात. अडतं ते साताऱ्याच्या फोनवर. "डाळीचं पीठ लाव गं, उजळेल" हे तिला आता समजतं. आईला न दुखावता हे कसं थांबवू?

शिवाय इथिओपियातून आलेला मलिक अंबर, जंजिऱ्याचे मूळ आफ्रिकेतले सिद्दी यांच्यावर लहान मुलांसाठी मराठीत काही आहे का? (लढायांची जंत्री नको, मलिक अंबरने खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवून तिथे पाणी कसं खेळवलं, असलं चालेल.)