मोनॅको जिंकलं, मग एफ-वन का नाही?

काकांनी विचारलंय, आपल्या भारताच्या कुश मैनीनं 2025 ला मोनॅकोत एफ-टूची (एफ-वनच्या खालची पायरी) कार शर्यत मारली, तरी त्याला एफ-वनची सीट का नाही? आणि नातवाला रेसिंग शिकवायचं तर खर्च किती? काका, ती स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत होती. पात्रता फेरीतले पहिले दहा तिथं उलट्या क्रमानं उभे करतात. हा दहावा, म्हणून सगळ्यात पुढं! त्या अरुंद रस्त्यांवर मागच्याला वाट मिळत नाही, पण कठड्याला न घासता शेवटपर्यंत पुढं राहणं हे काम त्याचंच. मोनॅकोत एफ-टू जिंकणारा पहिला भारतीय, हे कुणी काढून घेत नाही.

फक्त अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला नको (सांगलीत हळदीला काय तोटा?). एफ-वन चालवायला सुपर लायसन्स हा परवाना हवा; त्याला तीन हंगामांत 40 गुण लागतात आणि ते वर्षअखेरच्या क्रमांकावर मिळतात. एफ-टूत पहिल्या तिघांना पूर्ण 40, पाचव्याला एकदम 20. मुंबईचा जेहान दारूवाला एफ-टूत चार शर्यती जिंकला, पण 2021 आणि 2022 दोन्ही वर्षी सातवा, म्हणजे गुण पाचव्याहूनही कमी.

नातवाचं म्हणाल तर आधी कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट (छोटी रेसिंगची गाडी) चालवू दे. खर्चाचं नंतर बोलू.