सल्ला हवा: रत्नागिरी ते जैतापूर, सागरी रस्त्याने रानफुलं बघायची आहेत

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात आईला घेऊन रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे करत जैतापूरपर्यंत गाडीने जायचं मनात आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार नको. गाडी बाजूला लावली आणि चार पावलांवर फुलं दिसली, असं काही हवंय. कासच्या रांगेत उभं राहून झालंय, परत ती हिंमत नाही. गणपतीच्या आधी जावं की नंतर? थांबायचं कुठे? आणि खाडीकाठी काही असतं का, की सगळी गंमत सड्यावरच, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावरच? जाणकारांनी कृपया सांगावं.

जांभाखडक:
गणपतीवर ठरवू नका. ते कधी ऑगस्टअखेर येतात, कधी निम्मा सप्टेंबर उलटल्यावर. पावसावर ठरवा. सड्यावर माती बोटभरसुद्धा नसते, कातळात साचलेल्या पाण्यावर सगळा संसार. जूनच्या सरींबरोबर दिपकाडी येते, पांढरी, मान खाली घातलेली. ती तुम्हाला आता मिळायची नाही. ऑगस्टात सीतेची आसवे आणि गेंद, मग कवल्याचा पिवळा. तेरडा दोन्ही वेळी असतोच. मध्येच आठवडाभर उघडीप झाली की कातळ तापतो आणि आसवे सगळ्यात आधी मान टाकतात. त्यामुळे माझं मत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याला. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर बिनधास्त निघा. फक्त चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस सोडा, चाकरमान्यांच्या गाड्यांमागे सरकत फुलं काय बघणार!

थांबायला कशेळी-आडिवऱ्याकडचे सडे आणि जैतापूरच्या पुढे माडबनचा सडा. तिथे जमीन सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प आहे, युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 साली कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यांतलं एक. तिकडे वळलात तर कोरलेल्या रेषांवर पाय पडू देऊ नका.

पाऊसवेडी:
धन्यवाद! पण आसवे गाडीतून दिसतात का? आईला वाकणं जमत नाही.

जांभाखडक:
नाही दिसत. जांभळट निळा पट्टा दिसेल तेवढाच. फूल नखाएवढं, काडी चार बोटं. गंमत सगळी जवळून. गाळात रुतलेल्या भागाला बारीक फुगे असतात, एखादा जलकीटक हुळहुळला की फुग्याचं दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. कातळावरच्या पाण्यात नत्र जवळजवळ नसतं, म्हणून ही शिकार. नशीब असेल तर शेजारीच दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती मिळेल. तांबूस केसांच्या टोकांना चिकट थेंब, दुपारी ऊन पडलं तरी वाळत नाहीत, चिलटं मात्र अडकतात. आईंसाठी घडीचा स्टूल न्या. किंवा तुम्ही उकिडवं बसून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून दाखवा. माझ्या काकूला तसंच दाखवतो, ती आता नावं आधी सांगते.

खाजणकर:
सगळे सड्याचंच सांगणार, म्हणून मुद्दाम लिहितोय. रस्ता सागरी आहे हो, खाडीला पाठ का फिरवायची? आईंना गाडीतून बघायचं असेल तर खरी मजा सड्यावरून रस्ता खाडीकडे उतरतो त्या वळणांवर. जांभ्याच्या गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर, कळलावी चढलेली असते, लाल-पिवळी, पाकळ्या वर वळलेल्या. त्याच उतारावर शेरवड. हिरव्या झुडपात पांढरी पानं दिसली की समजा तीच, फूल त्यामानाने इवलंसं नारिंगी. कळलावीला हात लावू नका, तिचा कंद जहाल विषारी.

खाली पाण्याशी भेंडी आणि बेलपट बघा. भाजीची भेंडी नव्हे, झाडाची. बेलपटाचं फूल सकाळी पिवळं धमक, संध्याकाळपर्यंत लालसर होऊन गळतं. जाताना आणि येताना एकाच झाडाशी थांबलात तर फरक आईंना आवडेल. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूवर मर्यादवेल, जांभळी फुलं, पान आपट्यासारखं. ती सकाळीच बघा, दुपारी मिटून जाते. केवड्याचं बन आधी नाकाला कळेल, काच खाली असू द्या.

आणि पुलावर गाडी थांबवू नका. भाट्याचा असो की पूर्णगडचा, पूल संपला की जागा बघून बाजूला घ्या, तिथून काठाने चार पावलं.

मृण्मयी_के:
खाजणकरांना +1. पण खारफुटीची फुलंच बघायची असतील तर ही वेळ नव्हे. मारांडीचे निळे-जांभळे तुरे मार्च-एप्रिलचे, पानं अशी काटेरी की फोटो काढतानाही ओरबाडतात. चिप्पीचं फूल तर रात्री उमलतं आणि सकाळी त्याचे पांढरे केसर चिखलावर सांडलेले असतात. 2020 पासून तो महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, इतकं तरी त्याला मिळालं. त्यासाठी उन्हाळ्यात वेगळी खेप करा.

बाकी एक कळकळीची विनंती. गाडी कातळावर घालू नका, डांबरावरच ठेवा. एका चाकोरीत त्या वर्षीची आसवे गेली असं समजा. सडे बहुतेक खाजगी मालकीचे, कुंपण किंवा आंब्याची कलमं दिसली तर विचारून आत जा. शेवाळलेला कातळ पहिल्या पावलालाच धोका देतो, आईंचा हात सोडू नका. आणि कुणी तेरडा उपटून नेताना दिसलं तर लगेच ओरडू नका, आमच्याकडे गौर तेरड्याचीच असते.

पाऊसवेडी:
आईने सगळा धागा वाचून घेतला. तिचा प्रश्न: भरती-ओहोटीचं काय? खाडीवर कधी पोचावं?

खाजणकर:
आईंना सांगा, ओहोटी बरी. काठाचा चिखल उघडा पडतो, तिवराची श्वासमुळं, एक नांगी मोठी असलेले खेकडे, सगळं दिसतं. हिशोब जुनाच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, मधली ओहोटी बाराच्या आसपास. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी दोन-अडीचला, म्हणजे सकाळी सडे आणि परतताना भाट्याची खाडी असं छान जमतं. वद्य पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजा. तारीख ठरली की तिथी इथे टाका, वेळ काढून देतो.