अनुभव धागा: परसातली, गच्चीतली, खिडकीतली बाग आणि तिचे ऋतू

अंगणवेल:
काल संध्याकाळी कपडे काढायला गच्चीत गेले तर दोडक्याच्या वेलावर पहिली फुलं उमललेली. पिवळीधमक. आणि एकदम आजीचं परस आठवलं. साताऱ्याजवळचं गाव, कुडाच्या कुंपणावर एका अंगाला दोडका, दुसऱ्या अंगाला घोसाळी. लांबून दोन्ही वेल सारखेच दिसायचे, पण घोसाळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि दोडक्याची दिवस कलल्यावर. श्रावणात ढगांमुळे ऊन कुठवर आलं ते कळायचं नाही. आजी मागच्या दारातून नुसती कुंपणाकडे बघायची आणि हाक मारायची, "पोरींनो, केर काढून घ्या, दिवे लागायची वेळ झाली." घरात भिंतीवर घड्याळ होतं, ते आजोबांसाठी.

बाग सुरू केल्यापासून मलाही वर्ष असंच कळायला लागलंय. मोगऱ्याला कळ्या धरल्या की उन्हाळा लागला. सोनटक्का आला की गणपती जवळ आले. प्राजक्ताचा सडा पडायला लागला की नवरात्राची तयारी. शेवंती, कुंदा म्हणजे थंडी. पुस्तकात सहा ऋतू पाठ केले होते, दिसले ते कुंड्यांमध्ये.

तुमच्या बागेत कुठला ऋतू कसा येतो? एकच कुंडी असली तरी लिहा.

रानजाई:
अगं किती छान! कर्टुल्यांबद्दल लिहायचंय. पोळ्या व्हायच्यात, रात्री येते.

खळ्यातला:
रत्नागिरी. आमच्याकडे बागकाम असं वेगळं कोणी म्हणत नाही, पाऊस लागला की आई आळी करायला घेते. मृगाचे दोन पाऊस झाले की काकडी, पडवळ, दोडका, भोपळा. बी राखेत घोळवून ठेवलेलं असतं. माटव, म्हणजे वेलांचा मांडव, बाबा घालतात, बांबू आणि सुंभ. पडवळ हातभर झालं की त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधायचा, म्हणजे सरळ वाढतं, नाहीतर गुंडाळत जातं. हे काम लहानपणी माझ्याकडे होतं. ओढ्यातून गुळगुळीत दगड निवडून आणायचे, फार जड नको, नाहीतर पडवळ तुटतं.

चिबूड श्रावण-भाद्रपदातच. पिकला की घरभर वास, आणि पिकला की थांबत नाही, त्याच दिवशी फोडावा लागतो. म्हणून तो शहरातल्या बाजारात फारसा दिसत नाही. गूळ घालून खायचा. मोठ्या पिवळ्या पडलेल्या तवशाचं, म्हणजे जून काकडीचं, धोंडस करतात, तो विषय निघाला तर मी इथेच रात्र काढीन.

मावळतीची_गॅलरी:
धोंडसाची कृती टाका की!

खळ्यातला:
आईला विचारून सांगतो. तिचं सगळं अंदाजपंचे असतं. तवसं किसून, तांदळाचा रवा भाजून, गूळ, हळदीचं पान, आणि वरखाली निखारे. ओव्हनमध्येही होतं म्हणतात.

संत्रानगरी:
नागपूर. इथे उन्हाळा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे बागेचा खरा अभ्यास एप्रिल-मेमध्येच होतो. टोमॅटो, मिरची फुलावर येतात आणि फुलं गळून पडतात. खत कमी पडत नाही, उष्णतेने फळच धरत नाही. ते कळल्यापासून मी टोमॅटो दिवाळीच्या आगेमागे लावतो आणि होळीपर्यंत खातो. उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी. वर हिरवी जाळी, मातीवर गवताचं आच्छादन, पाणी सूर्य उगवायच्या आधी.

मोगऱ्याचं मात्र उलटं, त्याला ऊन हवंच. आमच्या काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड विश्रांती घेतं आणि पाऊस पडला की फुलोऱ्यावर येतं. मी तेच मोगऱ्याला करतो. जानेवारीत पाणी कमी करत आणायचं, पानं झडू द्यायची, मग छाटणी करून माती उकरून शेणखत द्यायचं आणि पुन्हा पाणी सुरू. मार्चपासून कळ्याच कळ्या. छाटायला हात धजत नाही अनेकांचा. पण मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येतं, हे लक्षात ठेवा.

अंगणवेल:
काका, हे माझ्यासाठी सोनं आहे. माझा मोगरा नुसता पानांनी भरलाय.

चाफेकळी_पुणे:
+१, मोगरा छाटाच. आणि गुलाब दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण थांबल्यावर. पुण्यातल्या कोणी एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघितलं का यंदा? २६ जानेवारीच्या आसपास असतं. मी शेवंत्या बघायला जाते आणि रोपवाटिकांच्या स्टॉलवरून दोन्ही हात भरून येते.

मावळतीची_गॅलरी:
आम्ही गेलो होतो. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, पण तिथली जुनी झाडं बघून त्या दोन तास चालल्या. कांचनवेलीखाली बसवलं मग. पार्किंग मात्र लांब मिळालं.

चाफेकळी_पुणे:
रिक्षाने जायचं गं. सासूबाईंना नमस्कार सांग.

चाळीतली_तुळस:
मुंबई, खिडकीची ग्रिल, ऊन सकाळी नऊ ते अकरा. तेवढ्यात पुदिना, ओवा, मायाळू, गवती चहा मस्त होतात. मायाळूची भजी आमच्याकडे पावसाळ्याचं ठरलेलं खाणं.

मातीचं वजन हा आमचा मोठा प्रश्न. मी नुसती माती कधीच भरत नाही. खाली नारळाच्या शेंड्या, वर उसाची चिपाडं, वाळका पाला, स्वयंपाकघरातलं सालपट, वरचा थर फक्त माती. कोपऱ्यावरचा रसवाला चिपाडं आनंदाने देतो, त्याला ती फेकायचीच असतात. ही पद्धत मुंबईत डॉ. रमेश दोशींनी गच्चीवर करून दाखवली, आणि त्यामागे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. दाभोळकर गणिताचे शिक्षक, म्हणून पानाला मिळणारं ऊन आणि त्यातून तयार होणारं अन्न ह्याचा हिशेब मांडायचे. थोड्या जागेत पोटापुरतं पिकतं हे त्यांनी शेतकऱ्यांच्या बरोबरीने शहरातल्या माणसांनाही शिकवलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

भर पावसात चिपाडं कुजून कुंडी अर्धी होते. तेव्हा घाबरू नका, वरून पुन्हा पाला भरा.

निळी_गोकर्ण:
आमच्या सोसायटीने गच्चीवरच्या कुंड्या काढायला लावल्या. गळती दुसरीकडूनच निघाली, पण तोवर माझी सात-आठ वर्षांची कढीपत्त्याची कुंडी वाटून टाकली होती.

चाळीतली_तुळस:
अरेरे. फार वाईट वाटलं वाचून. फांदी हवी असेल तर... नाही, कढीपत्ता फांदीपेक्षा बीपासून लवकर धरतो. काळी फळं पिकली की ताजं बी पाठवते. वाळलेलं रुजत नाही.

निळी_गोकर्ण:
पाठवच. व्यक्तिगत निरोप करते.

बर्फातली_मेथी:
न्यू जर्सीहून. इथे मेच्या मध्यापर्यंत कधीही कडाका पडतो, त्यामुळे मिरच्या-वांग्यांची रोपं मार्चपासून घरात, खिडकीपाशी. लावल्यावर ऑक्टोबरपर्यंत जेवढं पदरात पडेल तेवढं. हरणं भोपळ्याचे शेंडे खातात, जाळी लावावीच लागते.

अळूसाठी लिहायला आले. पहिल्या कडाक्याने पानं काळी पडली की कंद उकरायचे, झटकून कागदी पिशवीत तळघरात, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत. गौरींना फदफदं त्याच अळूचं होतं. माझ्या मुलीला अळू सोलताना हात खाजले तेव्हा तिने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं की पानात सूक्ष्म सुया असतात. खरंच असतात, कॅल्शियम ऑक्झलेटच्या. म्हणून तर चिंच आणि नीट शिजवणं.

रानजाई:
आले. कर्टुली. आईच्या घरामागे बांधावर वेल आहे. उन्हाळ्यात तिथे काहीच दिसत नाही, कंद खाली झोपलेला असतो. पहिल्या पावसात फुटतो. ज्यांच्याकडे वेल आहे पण फळ नाही, त्यांनी बघा: कर्टुल्याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. ज्या फुलाच्या मागे इवलंसं काटेरी फळ दिसतं तो मादी. एकटा वेल असेल तर फळ धरणार नाही, दोन्ही हवेत. नराचं फूल तोडून मादीच्या फुलात अलगद टेकवलं की काम होतं. आई हे करताना मला बोलू देत नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा म्हणते.

पातोळी:
गोंय. आमच्या बागेचो सण म्हणजे चवथ. देवावर माटोळी बांधतात, तिला नारळ, सुपारीचा घड, काकडी, चिबूड, रानातली फळं, सगळं त्या दिवसांतलंच. आजोबा वर्षभर कुठलं झाड कुठे आहे ते लक्षात ठेवायचे. हळद आम्ही मुख्यतः पानांसाठी लावतो, पातोळ्या त्याच पानात. जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की मग कंद काढायचे.

लिंबूटिंबू:
लिंबाच्या रोपावरच्या अळ्या कोणी मारू नका हो! लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. नातू रोज शाळेतून आल्यावर आधी तेच बघतो. पुढे त्याचं काळं-पिवळं फुलपाखरू होतं. रोप मोठं असेल तर पानं परत येतात.

संत्रानगरी:
आजी, बागाईतदाराचा पुतण्या आहे मी, लहान रोपाच्या अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात असं सुचवतो.

लिंबूटिंबू:
हे पटलं. नातवाला सांगते.

शांत_ओसरी:
बाबा मागच्या वर्षी गेले. अबोली, कोरांटी, कर्दळ, सगळं त्यांनी लावलेलं. आई बागेकडे बघत नव्हती. आषाढात तेरड्याची रोपं आपोआप उगवली, गेल्या वर्षीच्या शेंगा तडकून बी पडलं होतं. गौरींना ती लागतात, म्हणून आई उपटून विरळणी करायला बाहेर आली. आता रोज येते. एवढंच.

अंगणवेल:
आईंना सांभाळ. त्यांच्या हातची अबोलीची वेणी बघायला आवडेल.

चाफेकळी_पुणे:
वाचून गप्प झाले. काळजी घ्या दोघी.

मावळतीची_गॅलरी:
एक विचारायचं होतं, धाग्याशी संबंध थोडाच आहे. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस, कळ्या गळतात. काय करू?

चाळीतली_तुळस:
पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या बघ. त्याच त्यांना एका फांदीवरून दुसरीकडे नेतात, कारण त्यांचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय फवारणीचा उपयोग टिकत नाही. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाक, कंपोस्टमध्ये नको. बाकीच्यांवर पाण्याचा जोरात फवारा.

संत्रानगरी:
आणि मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा पातळ साबण, उन्हं उतरल्यावर. आठवड्याने पुन्हा. पानाच्या खालच्या बाजूला विसरू नका.

मावळतीची_गॅलरी:
साबण कुठला? भांड्यांचा चालेल?

संत्रानगरी:
चालेल. काही थेंबच. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा.