मदत हवी आहे: ‘जान दिएलमान’नंतरची चर्चा कशी घ्यावी?

आमच्या छोट्या फिल्म क्लबात बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमान यांचा ‘जान दिएलमान’ (1975) हा सिनेमा दाखवला आणि अक्षरशः दोन तट पडले. 201 मिनिटांचा सिनेमा. ब्रुसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस: तिचा मुलगा, स्वयंपाक, आवराआवर आणि दुपारी शरीरविक्रयासाठी घरी येणारी गिऱ्हाइकं. कॅमेरा जागचा हलत नाही.

एक काकू मध्येच उठल्या. “बटाटे मी रोजच सोलते, ते बघायला इथे कशाला येऊ?” खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट सिनेमातल्या दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि जान पातेलं हातात धरून घरभर फिरते, तिथे दोघीतिघी चक्क पुढे सरकून बसल्या. शेवटावरून तर खडाजंगीच झाली. कुणी म्हणालं उगाच धक्का, कुणी म्हणालं दुसरं काही होणंच शक्य नव्हतं.

‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या 2022 च्या समीक्षक कौलात हा पहिला आला, हे सांगितल्यावर नाराज मंडळी आणखीच चिडली. (पुरस्कार-कौल तोंडावर फेकणं बंदच करावं म्हणतो.)

पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटाला हाच दाखवायचाय. असे संथ सिनेमे दाखवणाऱ्यांनी कृपया सांगा: आधी दोन शब्द बोलावेत की कोरंच बसवावं? मध्यंतर द्यावं का, दिलं तर सिनेमातल्या पहिल्या दिवसानंतर की दुसऱ्या? आणि कंटाळलेल्यांना चर्चेत आधी बोलू द्यावं का? मराठीत या सिनेमावर कुणी नीट लिहिलं असेल तर तेही सुचवा.